इनडोअर टेनिसमधली पुरुष दुहेरी कोण कोण बघतं? आणि आपल्याकडच्या पोरांना शिकवता येईल का?

रबी_हंगाम

नमस्कार मंडळी. रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्ती जाहीर केली तेव्हापासून हा धागा काढीन काढीन म्हणत होतो. त्याची शेवटची मॅच पॅरिस मास्टर्सची, जोडीला बुब्लिक, समोर जॉन पीअर्स आणि जेजे ट्रेसी. ५-७, ६-२ आणि सुपर टायब्रेक, म्हणजे तिसऱ्या सेटऐवजीचा दहा पॉइंटांचा डाव, ८-१०. पहिल्याच फेरीत गेले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस शेवटच्या मॅचमध्येही दोन पॉइंटनेच हरतो, याचं मला अजून कौतुक वाटून राहिलंय.

मी शाळेत पीटी शिकवतो, घरी थोडी शेती आहे. सोयाबीन निघालं की हरभरा पेरायचा आणि मग थ्री फेज लाईन रात्री असली तर रात्री शेतात जायचं हे ठरलेलं. पॅरिसची स्पर्धा बरोबर त्याच आठवड्यात येते. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात, त्यामुळे मोटर सुरू करायची, तुषारचे पाइप लावायचे आणि धुऱ्यावर बसून मोबाईलवर मॅच लावायची. सिंगल्स सगळे बघतात, मी डबल्स शोधत बसतो. हॉलमधल्या डबल्समध्ये वारा नाही, ऊन नाही, डोळ्यावर सूर्य येत नाही, बॉल जिथे मारायचा तिथेच जातो, त्यामुळे जो काही फरक पडतो तो चौघांच्या डोक्याचा आणि पायाचा. मला तरी टेनिसमधला हाच सगळ्यात जिवंत खेळ वाटतो.

दोन प्रश्न आहेत. एक, इथे अजून कोणी बघतं का? दोन, माझ्या शाळेतली पोरं कबड्डी-खोखोत तयार आहेत, टेनिसचं कोर्ट पंचक्रोशीत नाही. अशा ठिकाणी टेनिसची सुरुवात डबल्सपासूनच करून दिली तर चालेल का? अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा.

मोर्शीकर_संत्रा

हाव, मी पाह्यतो ना भाऊ. आमच्याकडे संत्र्याच्या बगिच्यात ड्रिप आहे म्हणून पाइप बदलवाची कटकट नाही, पण लाईन रात्रीचीच. बोपण्णाचं मले काऊन आवडते सांगू का, तो पण शेतकऱ्याच्याच घरचा. कूर्गातली कॉफीची शेती. मोठ्या शहरातल्या अकादमीतच जन्म घेतला पाह्यजे असं काही नाही हे त्याच्याकडे पाहून समजते.

तिसरा_सेट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डबल्स म्हणजे ज्यांना सिंगल्समध्ये रँकिंग जमलं नाही त्यांचा खेळ. त्यात इनडोअर म्हणजे अजूनच, सर्व्हिस, एक व्हॉली, संपला पॉइंट. रॅली कुठे आहे? यूएस ओपनने २०२५ मध्ये मिक्स्ड डबल्समध्ये सिंगल्सचे स्टार उतरवले आणि स्टेडियम भरलं, यातच सगळं आलं. पोरांना शिकवायचं तर सिंगल्स शिकवा, पाय आणि दम दोन्ही तयार होतात.

बेसलाईन

@तिसरा_सेट, स्टेडियम भरलं हे बरोबर, पण जिंकलं कोण तेही लिहा की. एरानी आणि वावासोरी. इटलीची पक्की डबल्सवाली जोडी, आदल्या वर्षीचे विजेतेही तेच. फायनलला समोर श्वियाँटेक आणि रूड होते, दोघंही सिंगल्सचे मोठे खेळाडू, तरी सुपर टायब्रेकमध्ये १०-६ ने हरले. एकेकट्याने भारी असणं वेगळं आणि जोडीने खेळणं वेगळं.

एसटी_स्टँड

तिसऱ्या सेटला पहिल्याच सेटमध्ये ब्रेक 😄

स्लाइस_बॅकहँड

मी नागपूरला क्लबात खेळायचो, सध्या पुण्यात आहे. रॅली नाही म्हणणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण डबल्समध्ये काय बघायचं हे कोणी सांगत नाही आणि कॅमेराही बहुतेक वेळा बॉलच्याच मागे असतो.

बॉल सोडा आणि नेटजवळच्या माणसाकडे बघा. सर्व्हिसच्या आधी त्याचा एक हात पाठीमागे जातो. साधारण पद्धत अशी की मूठ म्हणजे मी जागेवर थांबणार, उघडा पंजा म्हणजे मी आडवा सुटणार. बोटाने सर्व्हिस कुठे टाकायची तेही सांगतो. म्हणजे पॉइंट सुरू व्हायच्या आधीच अर्धा ठरलेला असतो. सर्व्हिस करणाऱ्याने बॉल मधल्या रेषेवर टाकला की रिटर्न करणाऱ्याला कोन कमी मिळतो, बॉल मधूनच येण्याची शक्यता वाढते आणि नेटवाला तिथे आधीच निघालेला असतो. कधी कधी नेटवाला मधल्या रेषेवर खाली वाकून बसतो, सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जाते आणि मग तो डावीकडे सुटणार की उजवीकडे हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. याला आय फॉर्मेशन म्हणतात.

आता इनडोअरचं. वारा नसल्यामुळे सर्व्हिससाठी वर फेकलेला बॉल रोज त्याच जागी येतो, म्हणून सर्व्हिसवर पकड घट्ट असते आणि ब्रेक, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं, दुर्मिळ. मग रिटर्न करणाऱ्या जोडीला एकच उपाय राहतो, नेटवाला हलायच्या आत त्याच्या पायाशी बॉल टाकायचा, किंवा त्याच्या बाजूच्या गल्लीतून काढायचा. ही गल्ली दोन्ही बाजूला १.३७ मीटरची असते, तिच्यामुळेच कोर्ट ८.२३ वरून १०.९७ मीटर रुंद होतं. एकदा गल्लीतून पॉइंट गेला की नेटवाल्याच्या मनात ती गल्ली बसते, पुढच्या वेळी तो अर्धा पाऊल उशिरा सुटतो आणि तेवढं अर्धं पाऊल पुरतं. पुढच्या वेळी फक्त हे अर्धं पाऊल बघा, रॅलीची आठवण येणार नाही.

वर्धेची_ताई

@स्लाइस_बॅकहँड अगदी बरोबर. पुण्यात बालेवाडीला २०१९ ची महाराष्ट्र ओपनची फायनल मी प्रत्यक्ष बघितली, महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो होतो आम्ही दोघी मैत्रिणी. बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, ६-३, ६-४. ते कोर्ट उघड्यावरचं, पण जागा अशी मिळाली होती की बोपण्णा सर्व्हिसला असताना शरणच्या पाठीमागचा हात स्पष्ट दिसायचा. पंजा दाखवला की आम्ही दोघी एकमेकींना कोपर मारायचो, आता सुटतो बघ म्हणून. आणि बोपण्णाच्या सर्व्हिसचा आवाज! टीव्हीवर तो येतच नाही. वर छत असलेल्या हॉलमध्ये तर तो आवाज घुमत असणार, कल्पनेनेच अंगावर काटा येतो.

मी स्वतः बॅडमिंटनची डबल्सवाली. एक फरक सांगते, बॅडमिंटनमध्ये हल्ला करताना आम्ही पुढे-मागे होतो आणि बचावाला शेजारी-शेजारी. टेनिसमध्ये दोघंही नेटजवळ शेजारी-शेजारी उभे राहिले की तोच हल्ला असतो. त्यामुळे बॅडमिंटन खेळलेल्या पोरींना टेनिस डबल्स शिकवताना आधी हे मोडावं लागतं, नाहीतर एक जण आपोआप मागे सरकते.

मोर्शीकर_संत्रा

आम्ही तर कबड्डीवाले. कोपऱ्यावाला आणि कव्हरवाला हात धरून असते, एक सुटला का दुसऱ्याले हिसका बसते. हे डबल्सचं मले तसंच दिसते, फक्त हात धरलेला नसते.

तिसरा_सेट

पायाचं आणि इशाऱ्याचं मान्य. एरानी-वावासोरीचंही मान्य. पण मग नियम असे का तोडमोड केले? ४०-४० झालं की थेट एकच पॉइंट, तिसरा सेटच नाही. माझं नावच तिसरा सेट आहे, माझा जीव तुटतो. टेनिसचा कस पाचव्या-सहाव्या ड्यूसला, म्हणजे पुन्हा पुन्हा बरोबरी झाल्यावर, लागतो, तो तुम्ही डबल्समधून काढून टाकला.

स्लाइस_बॅकहँड

एटीपीत, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस दौऱ्यावर, ते २००६ पासून आहे. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत अजून ड्यूस-अॅडव्हान्टेज पूर्ण खेळतात. पण विम्बल्डनची पुरुष दुहेरीसुद्धा २०२३ पासून पाचाऐवजी तीन सेटची झाली. वेळेचं गणित आहे हे उघड. मलाही तिसरा पूर्ण सेट हवा असं वाटतं, इथे तुमच्याशी सहमत.

पण ४०-४० च्या त्या एका पॉइंटला कमी लेखू नका. त्या वेळी सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे रिटर्नवाली जोडी ठरवते. म्हणजे आपल्या दोघांपैकी आज कोणाचा हात बसलाय हे तिथल्या तिथे ठरवायचं, आणि ते एकमेकांना दुखावून न घेता. इनडोअरला ब्रेकच्या संधी मोजक्या येतात, त्यातल्या बऱ्याच अशाच एका पॉइंटवर. कसच लागतो की तो.

रबी_हंगाम

क्या बात है, चर्चा छान चालू आहे. @तिसरा_सेट, रॅलीबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ब्रायन बंधूंची एखादी जुनी मॅच लावून बघा. चौघेही नेटजवळ आलेले असताना आठ-दहा व्हॉली होतात, बॉल जमिनीला लागतच नाही. दोघं जुळे भाऊ, एक डावखुरा एक उजवा, जोडीने ११९ विजेतेपदं. डावखुरा-उजवा असला की दोघांचेही फोरहँड मधल्या बाजूला आणता येतात, किंवा दोघांचेही बाहेरच्या बाजूला. माझ्या वर्गात डावखुरी पोरं आहेत ती मी आतापासूनच हेरून ठेवलीत.

बेसलाईन

सध्याच्या जोड्यांतली माझी आवडती हेलिओवारा आणि पॅटन. हेलिओवारा फिनलंडचा. दुखापतींनी वैतागून त्याने टेनिस सोडलं आणि हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरी धरली. पॅटन इंग्लंडचा, तो एकेकाळी विम्बल्डनमध्येच मॅचची आकडेवारी नोंदवायचं काम करायचा. या दोघांनी २०२४ ला विम्बल्डन मारलं, फायनलमध्ये समोरच्यांचे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून. मग २०२५ ला ऑस्ट्रेलियन ओपन आणि वर्षाअखेर तुरीनची एटीपी फायनल्स, ती इनडोअरच. नोकरीला लागलेला माणूस परत येऊन ग्रँड स्लॅम जिंकतो हे डबल्समध्येच शक्य आहे असं मला वाटतं. सिंगल्समध्ये शरीर तेवढी वाट बघत नाही.

मोर्शीकर_संत्रा

वा बाप्पा! विमानतळावरचं हे मले माहीत नव्हतं. आमच्या गावात पोलीस भरतीत वय निघून गेलेले पोट्टे पंचविशीतच म्हातारे झाल्यासारखे बसून रायते चौकात. त्याईले सांगतो हे उद्या.

वर्धेची_ताई

बोपण्णाचंही तेच की. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली, मग अय्यंगार योग धरला त्याने. २०२४ मध्ये एबडेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला तेव्हा ४३ वर्षांचा, त्याच वेळी जगात एक नंबरही झाला. पुरुष दुहेरीतला तो पहिला ग्रँड स्लॅम त्याचा. त्याआधी मिक्स्डचा होता, २०१७ चा फ्रेंच.

स्लाइस_बॅकहँड

आणि इनडोअर म्हटलं तर बोपण्णाचा इतिहास मोठा आहे. पॅरिस मास्टर्स लागोपाठ दोनदा, २०११ ला पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीबरोबर आणि २०१२ ला भूपतीबरोबर. गंमत म्हणजे २०१२ च्या फायनलला समोर कुरेशीच होता. स्टॉकहोम २०११, व्हिएन्ना २०१७. लंडनच्या एटीपी फायनल्सचा अंतिम सामना दोनदा गाठला, २०१२ भूपतीबरोबर आणि २०१५ मर्जियाबरोबर, दोन्ही हरला. ज्या पॅरिसमध्ये तो दोनदा जिंकला तिथेच शेवटची मॅच झाली, हॉल मात्र वेगळा. जुना बर्सीचा, आता २०२५ पासून ला देफांस अरीना. पॅरिस ऑलिंपिकचं पोहणं तिथेच झालं होतं.

एसटी_स्टँड

पोहण्याच्या तलावावर टेनिस. आमच्याकडे पावसाळ्यात मैदानाचा तलाव होतो, उलटं काम.

पऱ्हाटी

एसटी स्टँड भाऊनं गंमत केली पण मुद्दा तोच आहे. मास्तर, तुमचा दुसरा प्रश्न सगळे विसरून रायले. मी जिनिंगमध्ये काम करतो, त्याच्यावरून एक सांगतो.

आमच्याकडे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिनिंग चालते, मग कापूस सरला का बंद. पावसाळाभर शेड रिकामा. वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा, लांबी-रुंदी एवढी का ट्रक आत वळते. मैदानात चिखल असते तेव्हा तिथं पाय कोरडा. तुमचं इनडोअर कोर्ट तेच. पण चार गोष्टी पाहून घ्या. पहिली म्हणजे मालकाची लेखी परवानगी, तोंडी नको. दुसरी, कोब्यावर रूं आणि सरकीचा बारीक थर असते, डोळ्याले दिसत नाही पण पाय घसरते. आधी झाडून मग ओल्या पोत्यानं पुसून घ्यावं लागते, आणि वाळल्याबिगर पोरांले पाय ठेवू द्यायचा नाही. तिसरी, मधातले लोखंडी खांब. खेळायच्या बाजूचे खांब बारदानात कापूस भरून छातीएवढ्या उंचीपर्यंत बांधून टाका, पोट्टं बॉलकडे पाहत पळते, खांबाकडे नाही. आणि चवथी, मशीनच्या बाजूले दोरी लावा, तिकडं बॉल गेला तर पोरानं जायचं नाही, मोठ्यानं जायचं.

रबी_हंगाम

@पऱ्हाटी भाऊ, मन भरून आलं. ही कल्पना माझ्या डोक्यात कधीच आली नसती. आमच्या गावापासून जवळच एक जिनिंग आहे, पावसाळ्यात बंदच असते. पण आता तर हंगाम सुरू झालाय, गाड्यांच्या रांगा लागल्यात. तोवर काय करायचं?

तिसरा_सेट

तालुका क्रीडा संकुलात हॉल नाही का?

रबी_हंगाम

हॉल आहे. बॅडमिंटनची दोन कोर्ट आहेत. कुलूपही आहे, किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारी भेटत नाहीत आणि शाळा दुपारीच सुटते. त्यासाठी अर्ज देऊन ठेवलाय, पाठपुरावा सोडणार नाही. पण बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेनिसचं कोर्ट बसतं कुठे, २३.७७ मीटर लांब आणि मागे पळायला जागा वेगळी.

वर्धेची_ताई

मोठं कोर्ट लागतच नाही मास्तर! लहान मुलांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचीच पद्धत आहे, लाल, नारिंगी आणि हिरवा बॉल. लाल बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. लाल बॉलचं कोर्ट साधारण ११ ते १२.८ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ६.१ मीटर रुंद. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१. म्हणजे आहे त्याच आखणीवर बसतं. फक्त जाळी खाली घ्या, ८० सेंटीमीटरच्या आसपास. मी आमच्याकडे दोन खुर्च्यांना जाळी बांधून चालवलंय. आठ वर्षांच्या आतली पोरं एका कोर्टावर चार चार खेळतात, आणि चार म्हणजे डबल्सच की. तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो, जिथे कोर्ट एक आणि पोरं वर्गभर तिथे डबल्सपासून सुरुवात करणंच सोयीचं.

तुमची पोरं मोठी असतील, सातवी-आठवीची, तर नारिंगी बॉल घ्या.

बेसलाईन

बॉल महाग पडतील ना? गावात टेनिस बॉल म्हटलं की क्रिकेटचाच. आमच्या पट्ट्यात रात्रीच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा एवढ्या होतात, बॉल पोराच्या हातात जन्मापासून असतो पण टेनिस कसं खेळतात ते विचारा, कोणालाच माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

स्लाइस_बॅकहँड

क्रिकेटचा जड टेनिस बॉल अजिबात नको, मनगट धरतं. पण क्लबमधले वापरून मऊ पडलेले खरे टेनिस बॉल चालतात, आतला दाब गेल्यामुळे टप्पा कमी घेतात, कोब्यावर लहान पोरांना ते बरेच पडतात. मोठ्या स्पर्धांत पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर बॉल बदलतात, क्लबातही जुने बॉल टोपल्या भरून पडलेले असतात. मी नागपूरच्या जुन्या मित्रांशी बोललो, एक पोतं भरून जमवून एसटीच्या पार्सलने पाठवतो. जुन्या रॅकेटीही बघतो. ठिकाण मला निरोपात कळवा, इथे धाग्यावर नको.

एसटी_स्टँड

पार्सलचं आपल्याकडे लागलं! चांगल्या कामाला आपला स्टँड हजर आहे.

तिसरा_सेट

माझं सिंगल्सचं प्रेम तसंच आहे, पण एका कोर्टात चार पोरं हा मुद्दा पटला. सिंगल्स शिकवायला गेलात तर दोन खेळतील आणि बाकीचे रांगेत उभे राहून कंटाळतील. माझ्याकडे पोराच्या जुन्या २३ इंची रॅकेट दोन आहेत, त्याही त्याच पोत्यात टाका. फक्त एक विनंती, तुमच्या पोरांना तिसरा सेट पूर्ण खेळू द्या.

मोर्शीकर_संत्रा

मास्तर, जोड्या कशा लावसान? दोस्त-दोस्त लावले का हरल्यावर भांडते, हे कबड्डीत पाह्यलं हाये मी.

वर्धेची_ताई

सुरुवातीला जोड्या दर आठवड्याला बदला. प्रत्येकाला प्रत्येकाबरोबर खेळावं लागलं की कोणाचं कोणाशी जुळतं ते आपोआप दिसतं. आणि मुली-मुलं एकत्र खेळवा, आमच्याकडे नेटजवळ मुली जास्त चपळ निघाल्या, मुलांना मागे राहून जोरात मारायचीच हौस. अजून एक, पहिल्या दिवसापासून पाठीमागचा इशारा शिकवा. मूठ आणि पंजा. बॉल नीट मारता यायच्या आधीच पोरं एकमेकांशी बोलायला लागतात आणि त्यांना ते जाम आवडतं, आपलं काहीतरी गुपित आहे असं वाटतं.

रबी_हंगाम

ठरलं. बॉल येईपर्यंत मूठ-पंजा आणि नेटजवळचं अर्धं पाऊल शिकवतो, त्याला बॉल लागत नाही. संकुलाची किल्ली मिळाली तर तिथे, नाही मिळाली तर शाळेच्या व्हरांड्यात. जिनिंगच्या मालकांना हंगाम उतरला की पऱ्हाटी भाऊंना सोबत घेऊन भेटतो. स्लाइस भाऊ, निरोप पाठवलाय. एक शंका राहिली, जोडीत पहिली सर्व्हिस कोणी करायची हा क्रम मॅचभर तोच ठेवायचा असतो का?

स्लाइस_बॅकहँड

नाही, नवीन सेट सुरू झाला की क्रम बदलता येतो. डाव्या-उजव्या बाजूला रिटर्न कोणी घ्यायचा तेही सेट बदलला की बदलता येतं, मात्र एका सेटमध्ये मधेच बदलता येत नाही. साधारणपणे ज्याची सर्व्हिस पक्की त्याला आधी द्या. पण तुमच्या पोरांच्या बाबतीत मी म्हणेन, पहिल्या सेटला एकाला आणि दुसऱ्याला दुसऱ्याला. पोतं शनिवारी टाकतो.